आठ दिवसांचं झाड

झाड सांभाळण्यातच माणसाची संस्कृती दिसते, असं मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं आणि खरवईच्या नर्सरीत गेलो. जिवंत ख्रिसमस ट्री आणायचं आणि नाताळनंतर आवारात लावायचं, असा माझा संकल्प होता.

नर्सरीवाला गिऱ्हाइकाकडे फारसं बघत नाही, बोलतो तो कुंड्यांशी. मी शेंडे निरखत होतो. त्याने एक रोप कुंडीतून उपसून मुळं दाखवली. "शेठ, झाड खालून बघायचं. घरात आठ दिवस, बस. मग बाहेर सावलीत."

पाहुणे कौतुक करत राहिले, म्हणून मी ते संक्रांतीपर्यंत टीव्हीशेजारी ठेवलं, त्याच्या अंगावर दिव्यांची माळ घालून. पिवळं पडल्यावर रिक्षातून गुपचूप परत नेलं.

"काय हाल केले रे तुझे?" त्याने झाडाला विचारलं. आणि कुंडी उचलून आत सावलीत नेली.

पावसाळ्यात तो स्वतःच ते हिरवं झालेलं झाड स्कूटरवरून घेऊन आला. आवारात खड्डा खणून लावलं आणि वॉचमनला बजावलं, "पाणी तू घाल. शेठला हात लावू देऊ नको."

सोसायटीच्या फोटोसाठी मात्र त्याने झारी माझ्याच हातात दिली. ती रिकामी होती.