ट्रंकेतला पक्षी

मुलांनो, तुम्ही केलेल्या कागदी पक्ष्याचा फोटो काल पाहिला आणि मी उठून कपाट उघडलं. त्याचं कारण सांगते.

मी आठ वर्षांची असताना आमचं संस्थान विलीन झालं. माझे वडील, नाना, उज्जैनच्या कचेरीत कारकून होते. “जुन्या शिक्क्याचे कागद आता रद्दी,” म्हणत ते गठ्ठे घरी आणत आणि मला पक्षी करायला शिकवत. एकदा गठ्ठा संपला, तेव्हा मी त्यांच्या ट्रंकेतून तसाच शिक्क्याचा कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी नाना ट्रंक उपसू लागले. “नोकरीचा दाखला नाही! नव्या राज्यात मला कोण ठेवणार?”

“अहो, इत्मीनानं, शांतपणे बघा,” आई म्हणाली, पण स्वतःच घाईघाईनं गाद्या उलटू लागली.

खिडकीतल्या माझ्या पक्ष्याच्या पंखावर नानांचं नाव होतं. मी तो त्यांच्यापुढे धरला. “तुम्हीच म्हणालात, जुना शिक्का रद्दी.”

“मग मीपण रद्दीच की गं, बेटा.”

जपून त्यांनी एकेक घडी उलगडली. तेव्हा मला त्यांचं ते बोलणं थट्टाच वाटलं होतं. ते किती घाबरले होते, हे आज कळतं.

नव्या राज्यातल्या साहेबांनी तो जुन्या शिक्क्याचा दाखला मानला आणि नोकरी टिकली. दाखला माझ्या कपाटात आहे, पक्ष्याच्या सगळ्या घड्यांसकट.