डर्बीशरच्या डोंगरात आईचा पूर्वपक्ष

खरं तर मला इंग्लंडमधल्या तळ्यांच्या प्रदेशात, लेक डिस्ट्रिक्टला जायचं होतं. मे महिन्यातला बँक हॉलिडेचा, म्हणजे सोमवारची सुट्टी जोडलेला वीकेंड, हवामानखात्याने चक्क ऊन कबूल केलेलं, आणि आमच्या नऊ वर्षांच्या ईशाला दोन दिवस सांभाळायला नवरा तयार झालेला. असे योग आमच्या ब्रॅकनेलच्या घरात वर्षातून एकदा येतात. पण त्याच आठवड्यात लेस्टरच्या गायकवाडकाकांनी वर्तमानपत्रातून कापलेली एक जाहिरात पोस्टाने पाठवली आणि आईने ती फ्रीजवर चिकटवली. डर्बीशरमधल्या एका जुन्या घरात दोन रात्रींचं निवासी शिबिर, विषय जर्मन चिद्वाद, म्हणजे आयडियलिझम, आणि त्यातले वाद. राहणं-जेवणं धरून माणशी पंच्याण्णव पौंड.

"आई, लोक सुट्टीत पाणी बघायला जातात."

"पाणी रत्नांग्रीलाही आहे," कोकणात माहेर असलेल्या आईने उत्तर दिलं. "हे तिथे नाही."

आईने सांगलीच्या कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. बाबा गेल्यानंतर ती दुसऱ्यांदा आमच्याकडे आली होती, सहा महिन्यांच्या व्हिसावर. तिने आता कायमचं इथेच राहावं असं माझं म्हणणं होतं. म्हणणं कसलं, मी अर्ज भरून, वकिलाकडून तपासून, जांभळ्या फोल्डरमध्ये घालून ठेवला होता. फक्त तिची सही बाकी होती. सांगलीच्या घराचा जिना, तिचं ब्लडप्रेशर, रात्री एकटं असणं, सगळे मुद्दे मी ऑफिसात प्रोजेक्टचा प्लॅन मांडते तसे मांडले होते. प्रत्येक मुद्द्यावर ती "बघू" म्हणायची. तेव्हा शिबिराला मी हो म्हटलं ते लाच म्हणून. खूश झाली की करेल सही, असा हिशोब. फोल्डर गाडीच्या डिकीत टाकला आणि शुक्रवारी सकाळी निघालो.

ब्रॅकनेलहून एम पंचवीस हा हायवे आणि मग एम वन पकडला की लेस्टर सव्वादोन तास. बँक हॉलिडेला तीन धरा. रस्ता सांगणारं सॅटनॅव्ह आमच्याकडे नव्हतं, इंटरनेटवरून छापलेली सात पानं आईच्या मांडीवर होती. पान उलटायचं सोडून ती मला शिकवत होती. गावाकडून आलेल्या मुली परदेशी नावांना घाबरतात, म्हणून आई वर्गात पहिले काही दिवस या चार जर्मन तत्त्वज्ञांची नावं सांगायचीच नाही. एका घरातले चार भाऊ, एवढंच सांगायची. मीही इथे तेच करते.

"थोरले म्हणतात, आपल्याला जग दिसतं ते आपल्या चष्म्यातून, आणि हा चष्मा काढता येत नाही. चष्म्यापलीकडे वस्तू मुळात कशी आहे ते कधीच कळायचं नाही. पण ती आहे."

"बरं."

"दुसरे म्हणतात, कळणारच नाही तर आहे कशावरून? टाका काढून. सगळं 'मी'पासून सुरू करा. तिसरे म्हणतात, नुसतं मी मी काय करताय, ही झाडं, नद्या, हेही त्याच मुळातून आलंय. आणि धाकटे म्हणतात, तुम्ही तिघेही बरोबर, पण अर्धवट. भांडत भांडतच सत्य पुढे सरकतं, आणि सगळं मिळून जे होतं ते खरं."

"धाकटे हुशार दिसतात."

"फार. आणि तिसरे नि धाकटे विद्यार्थी असताना एका खोलीत राहायचे. जिवलग. पुढे एका पुस्तकातल्या चार ओळींवरून फाटलं." आईने हे इतक्या हळहळून सांगितलं की मला वाटलं, दोघे सांगलीतच राहत असावेत. आणि माझी एक्झिट चुकली.

लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर गुजराती थाळी खाल्ली. पोटभर, स्वस्त, आणि कढी इतकी गोड की आईने पिशवीतली भडंग काढून तोंडी लावली. हापूसच्या पेट्या फुटपाथवर रचलेल्या होत्या, एक घेतली. मग गायकवाडकाकांना घ्यायला त्यांच्या दारात गेलो. काका इथे चाळीस वर्षं आहेत, हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमधून रिटायर झालेले. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जाऊन तत्त्वज्ञान शिकलेले. गेल्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आईची नि त्यांची ओळख झाली आणि फराळाची ताटं हातात तशीच ठेवून दोघं दोन तास भांडली. तेव्हापासून पत्रव्यवहार आहे, त्यातही हेच चार भाऊ.

"वेलकम, बाई! एम-वनला ट्रॅफिक लागला का? आणि कौन्सिलने आमचा रोड परत डग केलाय बघा, नुसते खड्डे. गाडी तिकडे नका लावू, दंडाचं तिकीट देतात." काका मागच्या सीटवर बसले आणि पट्टा लावायच्या आधी म्हणाले, "ते दुसरे भाऊ मला बिलकुल ॲक्सेप्ट नाहीत हं. मी बुद्धिस्ट माणूस. दर संडेला विहारात जातो. मुळात 'मी' म्हणून काही पर्मनंट आहे हेच मी मानत नाही, तर त्या 'मी'तून सगळं वर्ल्ड कसं काढू?"

"आणि थोरले?" आईने मान वळवून विचारलं.

"थोरले जंटलमन. पण जे कधीच कळणार नाही ते पडद्यामागे आहे म्हणतात, ते मला पटत नाही. पडदा ओढायचा, मागे काही नाही, विषय क्लोज्ड!"

लेस्टर ते बेकवेल दीड तास, शेवटचा ए सिक्सचा भाग घाटाचा आणि अतिशय देखणा. मॅटलॉकच्या पुढे मी गाडी चालवतेय की चित्रात बसलेय ते कळेना. हिरव्या टेकड्यांवर चुना-सिमेंट न लावता रचलेल्या दगडी भिंती मैलोन् मैल पसरल्या होत्या. "हे तर आमचे गडगे!" आई ओरडली आणि मला गाडी थांबवायला लावून एका भिंतीवर हात ठेवून आली.

शिबिराचं घर बेकवेलपासून पाच मैलांवर. खोल्या साध्या, बाथरूम कॉरिडॉरच्या टोकाला, मोबाइलला रेंज फक्त कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. शाकाहारी मंडळींनी आधी कळवावं, आणि कळवलं तरी दोन्ही रात्री मश्रूमची मानसिक तयारी ठेवावी. बावीस माणसं होती. निवृत्त मास्तर, एक पोस्टमन, दोन नन्स, एक मेंढपाळबाई. शिकवायला ग्वेन नावाच्या वेल्श बाई, सत्तरीच्या, पायात चिखलाचे बूट. आमचे हापूस पहिल्याच जेवणानंतर टेबलावर गेले आणि पोस्टमनने थोरल्यांवरचा आक्षेप आंब्याची कोय चोखत मांडला.

शनिवारी ग्वेनबाईंनी जाहीर केलं की रविवारी सकाळी वाद होईल. ठराव: वस्तू मुळात कशी आहे हे माणसाला कधीच कळणार नाही. बाजूने आई, विरुद्ध गायकवाडकाका. प्रत्येकी आठ मिनिटं, मग पितळी घंटा, मग मतदान. आईचा चेहरा दहावीचा निकाल लागल्यावर माझा फुलला होता तसा फुलला. "थोरल्यांची वकिली," ती म्हणाली. "तीस वर्षं फळ्यासमोर केली गं, पण उलटून बोलणारं कुणी नव्हतं."

दुपारी नदीकाठाने तीन मैल चाललो. मी तिथेच अर्जाचं काढलं. आई कोकरांकडे बघत म्हणाली, "सोमवारी करते सही." मला जिंकल्यासारखं वाटलं. संध्याकाळी तिने मला भाषणाची तालीम ऐकायला बोलावलं, तर मी खुराड्यापाशी उभी राहून नवऱ्याला ही बातमी देत होते.

रविवारी सकाळी आई उभी राहिली. काठापदराची साडी, वर माझं फ्लीसचं जाकीट, हातात एक कागद. तिने इंग्रजीत सुरुवात केली, "माझे स्नेही असं म्हणतील..." आणि काकांची बाजू मांडायला लागली. कुंपण आहे हे ज्याला कळलं, त्याने कुंपणापलीकडे डोकावलेलं असतंच. मग पलीकडचं कळणार नाही, हे कोणत्या तोंडाने सांगता? जे कोणालाच, कधीच, कशानेही कळणार नाही, ते असणं आणि नसणं यात फरक काय? एकेक मुद्दा ती असा मांडत होती की नन्स माना डोलवायला लागल्या. काका तर टिपणं घेत होते. मी घड्याळाकडे बघितलं. सात मिनिटं झाली होती.

घंटा वाजली.

"अहो, पण माझं अजून सुरूच झालं नाही!" आई मराठीत म्हणाली. हे भाषांतर मलाच करावं लागलं. मग ग्वेनबाईंना हेही सांगावं लागलं की आमच्याकडे वादाची ही रीतच आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःलाही सुचलं नसेल इतकं चांगलं मांडायचं. मगच आपलं तोंड उघडायचं. पूर्वपक्ष दुबळा मांडणं ही आईच्या लेखी चोरी. पण आठ मिनिटांत दोन्ही बसवायचं असतं हे ती विसरली होती. मी काल ऐकायला गेले असते, तर दोन मिनिटांत तिला थांबवलं असतं. मला फार वाईट वाटलं. आई कागद घडी घालत बसली होती.

काका उठले. इंग्रजीत म्हणाले, "बाईंनी माझं भाषण माझ्यापेक्षा चांगलं केलं. माझ्याकडे आठ मिनिटं आहेत आणि बोलायला काही नाही. तेव्हा त्यांचं राहिलेलं मी करतो."

ते सावकाश बोलले. "मी आयुष्यभर रक्त तपासलं. रिपोर्टवर आकडे येतात. आकडे खरे असतात, त्यांच्याशिवाय डॉक्टरचं चालत नाही. पण रिपोर्टवर पेशंट कधी आला नाही. रिपोर्ट म्हणजेच पेशंट असं ज्याला वाटायला लागलं, तो माणूस आमच्या लॅबमध्ये बिनकामाचा. पलीकडे कोणीतरी आहे, आणि ते माझ्या कागदात मावत नाही, एवढं लक्षात ठेवायला थोरले सांगतात."

मतदान झालंच नाही. कोणाच्या बाजूने हात वर करायचा तेच कोणाला कळेना. मेंढपाळबाईने येऊन आईचे दोन्ही हात धरले. आई रडत होती आणि हसत होती, आणि काकांना म्हणत होती, "पण तुम्हाला हे पटलेलं नाहीये!"

"बिलकुल नाही," काका म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र डिकीतला जांभळा फोल्डर आला. जिना, ब्लडप्रेशर, एकटेपणा. सगळे आकडे खरे होते.

काकांना लेस्टरला सोडून आम्ही एम वनवर एका सर्व्हिसेसला, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर थांबलो. चहा महाग आणि पाणचट, पण बसायला खिडकी चांगली मिळते. मी म्हटलं, "आई, आज तुझा पूर्वपक्ष मी मांडते. चुकलं तर सांग."

आईने कप खाली ठेवला.

"सांगलीत तुला सगळे बाई म्हणतात. इथे तू ईशाची आजी. तिथे मंडईत तुला न विचारता वांगी कुठली घ्यायची ते कळतं, इथे बसचं तिकीट काढायलाही मी लागते. सकाळी आठला आम्ही जातो, सहाला येतो, तोवर घरात एक शब्द बोलला जात नाही. तिथे जिना आहे, पण तो तुझा आहे. तुला पडायची भीती नाही. तुला सांभाळली जाण्याची भीती आहे. आणि हे मला सांगितलंस तर मला लागेल, म्हणून तू बघू म्हणतेस."

"चांगला मांडलास," आई म्हणाली. "आता तुझा उत्तरपक्ष."

मी तोंड उघडलं. जिना खर्ची पडला होता, ब्लडप्रेशरही. माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती.

"मला तू हवी आहेस," मी म्हटलं. "बाबा गेले तेव्हा मला विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. मला परत तसं नकोय."

"अगं मंजू," आई म्हणाली, "हे आधी नाही का सांगायचं? इतके महिने माझ्या ब्लडप्रेशरवर बोलतेयस." आणि तिने टिश्यूने आधी माझं नाक पुसलं, मग स्वतःचं.

सही झाली नाही. ऑगस्टात आई सांगलीला परत गेली. आता उन्हाळ्यात ती येते आणि दिवाळीला आम्ही जातो. जाणाऱ्यांसाठी सांगते: बेकवेलचं पुडिंग खा, घराचं बुकिंग दोन महिने आधी करा, आणि जांभळे फोल्डर घरीच ठेवा. गायकवाडकाकांचं आईला महिन्याला एक पत्र जातं, आणि दोघांचं अजून एकाही मुद्द्यावर एकमत नाही. रविवारी तिचा फोन येतो. कायमचं इथे येण्याचा विषय मी हल्ली काढत नाही. तीच काढते. "थांब," म्हणते, "आज तुझी बाजू मी मांडते." आणि मग दर वेळी तिथूनच सुरू करते, "मंजूला मी हवी आहे."