बिगर वायरचं ड्रिल आणि चार फुल्या

घरात ड्रिल आलं की किस्से जमायला वेळ लागत नाही. कारेगावात चहाच्या टपरीवर आम्ही तिघं-चौघं बसलो की कुणीतरी म्हणतंच, "बाळ्या, ते भिंतीतलं सांग." मी सांगतो. मग दुसरा, मग तिसरा. गप्प बसलं की जास्त त्रास होतो, म्हणून सांगतच राहतो. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा लिहिताना काही इकडचं तिकडं झालं तर चालवून घ्या.

ड्रिल दादाचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दत्ता. रांजणगावला एका कंपनीत मेंटेनन्सला होता. या जूनमध्ये शिरूरहून येताना हायवेला ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. ड्रिल घरी राहिलं. वहिनी राहिली, मी राहिलो. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यानं पेन्सिलीनं मारलेल्या चार फुल्या राहिल्या. तिथं तो वहिनीला फळी लावून देणार होता. फळी दाराआड तशीच उभी. मला ती लावायचीच होती, आणि वहिनी त्या भिंतीला हात लावू देत नव्हती.

ते शेवटी सांगतो. आधी मशीन आलं तिथपासून.

*

लोडशेडिंगचे दिवस. आठ-आठ तास लाइट नाही. दादानं पुण्याहून निळी पेटी आणली. आत मशीन, दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर. सगळी आळी बघायला जमली. एकानं पेटी उलटीपालटी करून विचारलं, "दत्ता, दुकानदाराकडनं वायर द्यायची राहिली की रं."

दादा दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेला आणि मला दम निघेना. खुंटी ठोकायची म्हणून मी मशीन भिंतीला लावलं. वीस मिनिटं दाबून धरलं. खांदे भरून आले, बिट तापून वास सुटला, भिंतीवर नुसता काळा ठिपका. दादा आल्यावर मी सांगितलं, "आपली भिंत लई कडक हाय. गवंड्यानं सिमेंट जादा घातलंय."

दादानं मशीन हातात घेतलं, बाजूचं बटन बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "बाळ्या, बटन उलट्या बाजूला हाय. आसं तू दिवाळीपातूर धरलंस तरी भिंतीला गुदगुल्याच हुत्याल."

*

आमचा दोस्त शिवा शेजारच्या चाळीत भाड्यानं राहायचा. त्याला आरसा लावायचा होता. दादा कुठंही भोक पाडायच्या आधी बोटाच्या पेरानं भिंत तीनदा वाजवायचा आणि कान लावायचा. मी म्हटलं, डॉक्टरकी कशाला? आरशाला भोकच तर पाडायचंय. लावलं मशीन आणि दिला जोर.

भिंत चार इंची. मशीन एकदम हलकं झालं आणि मुठीपर्यंत आत गेलं. पलीकडून कुणीतरी ओरडलं. पलीकडच्या खोलीत बिहारचा एक कामगार जेवत बसला होता. त्याच्या ताटात विटेचा चुरा. आम्ही धावत गेलो. तो शांतपणे भातातून विटेचे खडे वेचत होता. मान वर न करता म्हणाला, "भैया, खिड़की बना रहे हो तो थोड़ी बड़ी बनाना. गर्मी बहुत है."

दादानं संध्याकाळी ते भोक बुजवलं. मला म्हणाला, "भित कान लावून ऐकायची आस्ती. ती आधीच सांगती, मी केवढी हाय." तेव्हापासून मीही कान लावतो. हल्ली जरा जास्तच वेळ लावून उभा राहतो, असं शिवा म्हणतो.

*

वडगाव रासाईला आमच्या ओळखीचे एक आबा आहेत. जुने मेंढपाळ, आता नदीकाठी ऊस. गोठ्याच्या नव्या दाराला बिजागऱ्या बसवायच्या होत्या आणि गावात दिवसभर लाइट नव्हती. आबांनी निरोप धाडला, "त्यो बिगर लाइटीचा यंत्रवाला दत्ता पाठवा."

आम्ही ऐटीत गेलो. पहिली बिजागरी झाली, दुसरी झाली. आबा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "बरं हाय. मेंढरासारखं हाय. कुटंबी न्यावं."

तिसऱ्या बिजागरीला मशीनचा आवाज बारीक झाला आणि ते थांबलं. दुसरी बॅटरी मी आणायची होती. ती कारेगावात, चार्जरमध्ये. लाइट नसलेल्या चार्जरमध्ये.

"आता?" आबांनी विचारलं.

"लाइट आली की चार्जिंग करून..." दादा म्हणाला.

"म्हंजी बिगर लाइटीच्या यंत्राला लाइट लागती."

"व्हय आबा."

आबा उठले. आतून लाकडी मुठीचं गिरमिट घेऊन आले आणि उरलेली सगळी भोकं हातानं पिळून पाडली. घाम पुसून गिरमिट दादासमोर धरलं. "ह्येला मी चार्जिंग करतो. सकाळी भाकरी खाऊन."

*

पाटसला आमचे मामा. साखर कारखान्यात फिटर. आई गेल्यापासून तेच आमचे वडीलधारे. मामांच्या पिशवीत कायम पाणसळ असते, गवंडी वापरतात ती, मधे पाण्याचा बुडबुडा असलेली. कुणाच्याही घरी गेले की मामा चहाच्या आधी टेबलावर पाणसळ ठेवून बघतात.

दादाकडं पाणसळ नव्हती. तो एक डोळा मिटायचा, मान जरा तिरकी करायचा आणि खूण मारायचा. मामांच्या घरी त्यानं टीव्हीचं स्टँड असंच लावलं. मामांनी लगेच पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधे. मामांनी ती उलटी करून ठेवली. तरी मधेच. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग पाणसळ कानाजवळ नेऊन हलवली आणि म्हणाले, "बाटली बिघडलीया."

त्याच मामांनी त्या वर्षी खंडेनवमीला आमची एक बॅटरी घालवली. अवजारांची पूजा होती. पाटावर दादाचे पाने, पक्कड, हातोडी आणि मधे ड्रिल, शेजारी दोन्ही बॅटऱ्या. हळदकुंकू झालं. मामांनी नारळ फोडला आणि पाणी सगळ्यांवर शिंपडलं. दादा "मामा, मामा" म्हणेपर्यंत एका बॅटरीच्या तोंडात पाणी गेलं होतं. ती पुन्हा कधी चार्ज झाली नाही.

"न्हाई झाली तर न्हाई झाली," मामा म्हणाले. "पण पूजा तिलाच जास्त लागली."

म्हणून आमच्याकडं एकच बॅटरी उरली. हे लक्षात ठेवा.

*

आता ताकाचं. हा वहिनीचा किस्सा, आणि ती हसत असायची तेव्हाचा.

मे महिना होता. वहिनीकडं बारीक दांड्याची स्टीलची रवी होती. तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तिनं बिट काढलं, मशीनमध्ये रवी आवळली, दह्याच्या पातेल्यात सोडली आणि बटन दाबलं. दादा आणि मी पुढच्या खोलीत. आधी घर्रकन आवाज आला, मग पातेलं पडलं, मग काहीच नाही.

आत गेलो तर भिंत पांढरी, वहिनीच्या भुवया पांढऱ्या. मशीन तिनं दोन्ही हातांनी लांब धरलेलं आणि रवी अजून फिरतेय. बोट काढायचं तिला सुचत नव्हतं.

दादानं मशीन बंद केलं. मला वाटलं आता बोलणार. तो म्हणाला, "आगं, एक नंबरवर ठिवायचं. दोनवर लोनी भितीवर येतं."

वहिनी भिंतीला पाठ लावून हसत हसत खाली घसरली आणि जमिनीवर बसली. दादाला तर धड उभं राहता येईना. तसाच हसत त्यानं कानावरची पेन्सिल काढली. "थांब, ह्याच भितीवर तुला फळी लावतो. रवी ठिवायला जागा नव्हती म्हनून तू ती मशीनला लावलीस." डोळ्यातलं पाणी पुसत त्यानं चार फुल्या मारल्या.

मशीन लावलं तर बॅटरी संपलेली. ताकातच संपली. लाइट नव्हती.

"चार्ज झाली की लावतो," दादा म्हणाला.

मग शिफ्ट लागली, मग दुसऱ्यांची कामं आली, मग जून आला.

*

त्यानंतर मी कुठं थांबलो नाही. दादानं ज्याला ज्याला शब्द दिला होता त्या सगळ्यांची कामं करत सुटलो. दौंडला त्याच्या मित्राच्या दाराची कडी बसवली, शिरूरला एकाचा पंखा. काम संपलं की माझ्या खोलीत भोकं पाडायचो, टांगायला काही नसताना. शिवा एकदा आला, भिंतीकडं बघून म्हणाला, "इथं चिमण्या पाळणार हायस का?" मी त्याला हाकलून दिलं आणि मग रस्त्यावर जाऊन परत बोलावलं.

घरी मात्र तेच. "वहिनी, फळी लावू?"

"नको भाऊजी."

दिवाळीच्या आधी मी डिस्टेंपर आणला. सण करायचा नव्हता, पण भिंती काळ्या पडल्या होत्या. तीन भिंती रंगवल्या. चौथीकडं ब्रश नेला तर वहिनी मधे येऊन उभी राहिली. तिच्यामागं चार फुल्या आणि ताकाचे पिवळे डाग. मी ब्रश बादलीत आपटला आणि बाहेर गेलो. सगळे डबे जमिनीवर होते, मुंग्या लागत होत्या, आणि ती मला एक फळी लावू देत नव्हती.

पण इकडं बॅटरी मरायला लागली होती. आधी एका चार्जवर वीस भोकं निघायची. मग दहा, मग सहा. पुण्याच्या दुकानदारानं सांगितलं, ही बॅटरी आता येत नाही, नवीन मशीन घ्या. मी घरी आलो आणि वहिनीला जे होतं ते सांगितलं.

"आता एका चार्जवर चारच भोकं निघत्यात. फुडच्या महिन्यात तीबी निघायची न्हाईत. मग मी दुसऱ्याच्या मशीननं लावणार न्हाई. कवाच न्हाई."

वहिनी तांदूळ निवडत होती. निवडून झाले. ताट बाजूला ठेवलं. मग एकेक डबा उचलून पुढच्या खोलीत नेला.

मी भिंत तीनदा वाजवली. कान लावला. मग फळी उचलून फुल्यांवर धरून बघितली आणि तशीच धरून उभा राहिलो.

"वहिनी, डावी बाजू एक बोट खाली हाय. वर घेऊ?"

"फुल्या कुठं हायत?"

"हितं."

"मग तितंच पाडा."

पहिलं भोक, दुसरं, तिसरं. चौथ्याला मशीनचा आवाज बारीक होत गेला आणि ते आत असतानाच थांबलं. उरलेलं मी खिळा ठोकून पूर्ण केलं. फळी लागली. वहिनीनं रवी आणून तिच्यावर ठेवली. रवी गडगडत डाव्या टोकाला गेली आणि भिंतीच्या कोपऱ्याला टेकून थांबली.

*

पुढच्या आठवड्यात मामा आले. दुपारची वेळ, ऊन तापलेलं. पंख्याखाली बसायच्या आधीच त्यांची नजर फळीवर गेली. पिशवीतून पाणसळ निघाली. बुडबुडा पार एका टोकाला जाऊन बसला.

"कुनी लावली ही?"

मी म्हणालो, "मी."

"दिसतंयच. आरं, त्या दत्त्याचा भाऊ ना तू? डोळा मिटून खूण मारायचा त्यो, आन् माझी बाटली खोटी पडायची. त्येनं आशी लावली आस्ती का?"

मी वहिनीकडं बघितलं. तिनं पदर तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. मग ती भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली घसरली आणि जमिनीवर बसली, आणि मला आवाज ऐकू आला. ती हसत होती.

"न्हाई मामा," मी म्हणालो. "दादाचा डोळा कवा चुकला न्हाई. माझाच हात वाकडा."

"मग बघत काय बसलास? मशीन चार्जिंगला लाव. आत्ता माझ्यासमोर सरळ कर."

वहिनीनं डोळे पुसले.

"लाइट न्हाई मामा," ती म्हणाली.

पंखा डोक्यावर फिरत होता.