अर्नाळ्याच्या होडीवरची पेटी

पीएचडीनंतर मला पोस्टडॉकची जागा मिळाली, तेव्हा वसईजवळ निर्मळला आमच्या घरी ते कुणालाच नीट कळलं नाही.

"परत शिकायचं काय बाय?" पप्पांनी विचारलं.

"शिकायचं नाही, संशोधन करायचं," मी म्हटलं. आमची संस्था आणि एक कंपनी मिळून मासेमारीच्या होड्यांसाठी बर्फाची पेटी तयार करत होती. तिचं आतलं अस्तर बनवायचं काम माझ्याकडे होतं.

चाचणीसाठी मी जवळचाच अर्नाळ्याचा किनारा निवडला. तिथल्या एका नाखव्याने, म्हणजे होडीच्या मालकाने, आपल्या होडीवर पेटी ठेवू दिली. त्याची बायको मासळी विकायची, तिला मी मावशी म्हणायचे. सुरुवातीला बर्फ इतका टिकायचा की मावशी शेजारणींना बोलावून पेटी दाखवायची. पुढे ऊन आणि खाऱ्या पाण्याने अस्तराला चिरा पडायला लागल्या. एका सकाळी मावशीने बर्फातून अस्तराचा एक पांढरा पापुद्रा वेचून माझ्या तळहातावर ठेवला.

"ह्ये मासलीबरोबर लोकांच्या पोटात जानार काय गो?"

त्याच आठवड्यात मी कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर चिरांचे फोटो लावले. त्यांच्यातला एक हसला. "मॅडम, एवढं तर चालतंच. यावरचा रिसर्च पेपर सध्या थांबवा."

बैठकीतून बाहेर आल्यावर माझे गाईड म्हणाले, "करारात आहे, त्यांच्या परवानगीशिवाय काही छापता येत नाही. आणि तुझी मुदतवाढ त्यांच्याच शिफारशीवर आहे, विसरू नकोस."

म्हणजे उद्योगाशी सहकार्य ते हे. चांगले आकडे त्यांचे, वाईट आकडे कुणाचेच नाहीत. माझं डोकं सणकलं. तरी वाटलं, निदान पेट्या तरी थांबवतील.

पावसाळा संपला आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कंपनीचा मंडप उभा राहिला. तेच अस्तर, तीच पेटी, घरोघरी वाटायला. बॅनरवर लिहिलं होतं, 'संशोधनातून सिद्ध'. ते संशोधन माझं होतं.

मी तशीच मावशीकडे गेले. तिने मासळी सुकवणाऱ्या बायकांना हाका मारल्या, बायकांमागोमाग दोन-तीन नाखवेही आले. मी सांगितलं, "ह्या पेट्यांत मासळी ठेवू नका. अस्तर मीच बनवलंय, म्हणून सांगते."

एक म्हातारा नाखवा भडकला. "सगला हंगाम मापा घेत फिरलीस, आनि आता सांगतेस?"

"सांगितलं होतं. ज्यांना सांगायचं त्यांना. त्यांनी ऐकलं नाही."

काहींनी पेट्या परत केल्या. बर्फ टिकतो म्हणून काहींनी ठेवल्या. मला मुदतवाढ मिळाली नाही. गाईड फोनवर म्हणाले, "तू भावनिक झालीस." रागाला भावना म्हटलं की उत्तर द्यावं लागत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. माझी नोकरी गेल्याचं चर्चबाहेर लोकांना सांगताना पप्पांचा आवाज बारीक व्हायचा. त्याचाही मला राग आहे.

आता मी वसईत एका कॉलेजात शिकवते. मध्यंतरी गाईडचा फोन आला. कंपनीने अस्तर बदललंय, पेपर निघतोय, तुझंही नाव घालू का?

"पहिल्या अस्तराच्या चिरा त्यात असतील?"

"त्याची आता काय गरज?"

"मग माझं नाव नको," म्हणून मी फोन ठेवला. त्या दिवशी वर्गात मी विनाकारण मुलांवर ओरडले.