टोपलीपुरती जागा

टेलरबाईंना वर्षानुवर्षं एकच स्वप्न पडायचं. खिडकीबाहेर माणसं चालताहेत. खाली रस्त्यावर नव्हे हं, खिडकीबाहेर, हवेत, पिशव्या हलवत, आणि जाता जाता आत डोकावून विचारताहेत, "बाई, कोट कधी मिळेल?" पहिल्या मजल्यावर दुकान असणाऱ्या बाईला दुसरं कसलं स्वप्न पडणार! त्या अंधाऱ्या जिन्यातून वर कडमडायला येतंय कोण?

वडलांच्या जागेची वाटणी झाली तेव्हा दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, रस्त्यावरचं दुकान स्वतःकडे ठेवलं आणि वर म्हणाला, "तुला शिवायचंच तर आहे. ते वरही होतं." झालं! बाईंनी त्या दिवशी अबोला धरला तो धरलाच. दादाही एका शब्दाने बोलायला गेला नाही. एकाच बापाची लेकरं, हट्टाला कमी कशी असतील?

पण दादाचं दुकान बटणांचं, आणि बाईंचं बटणांवाचून भागेना. मग खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सुटायची. टोपलीत कापडाचा तुकडा. दादा दारात यायचा, तुकडा उन्हात धरायचा आणि त्याच रंगाची बटणं वर पाठवायचा. तोंडातून ब्र नाही, पण रंग कधी चुकला नाही. गल्लीला या टोपलीचं हसू यायचं. मला विचाराल तर रडू यायला हवं होतं.

मग स्टेशन झालं, आणि स्टेशनापासून बाजारापर्यंत डोक्यावरून पादचारी पूल निघाला, थेट बाईंच्या खिडकीला खेटून. पूल होताना बाईंनी मुकादमाला गाठलं. "पाइपासाठी भिंतीलगत फट सोडताय ना? ती टोपलीपुरती रुंद सोडा."

"आता टोपली कशाला, बाई?"

"तुम्हाला काय करायचंय?"

खिडकीचं पुलावर उघडणारं दार झालं. पहिल्या सकाळी बाई मशीनवर बसल्या आणि बघतात तर काय, माणसं चालताहेत! हवेत, पिशव्या हलवत. बाईंनी स्वतःला चिमटा काढून पाहिला. दिवसभर त्याही तरंगतच होत्या.

वास लागल्यासारखा दलाल आला. "नशीब काढलंत, बाई! खालच्या दुकानांकडे आता काळं कुत्रं फिरकत नाही, आणि वरच्यांना सोन्याचा भाव आलाय. कॉफीवाली कंपनी तुमची जागा भाड्याने मागतेय. घरी बसून खा!"

बाई सुखावल्या. खालचे भाव गडगडले हे ऐकून, खोटं कशाला बोला, मनात गुदगुल्याही झाल्या. "उद्या सांगते," त्या म्हणाल्या, पण होकार ओठांवर आलाच होता.

त्याच दुपारी त्यांनी हिरव्या कोटाचा तुकडा टोपलीतून फटीत सोडला. वर आली निळी बटणं.

बाईंचं डोकंच फिरलं. मुद्दाम करतोय! जळतोय माझ्यावर! तावातावाने त्या फटीशी गुडघे टेकून वाकल्या. खाली भर दुपारी संध्याकाळ झालेली. दादा दारात उभा होता, कुणा गिऱ्हाइकाचं कापड डोळ्यांशी नेत, इकडे वळवत, तिकडे वळवत. ऊन शोधत होता बिचारा. जिथे ऊन पडायचं तिथे आता पुलाची सावली होती. आणि हे तो सांगणार कुणाला? बोलायची सोय दोघांनी ठेवलीच कुठे होती!

त्यांनी नव्या दाराची दुसरी किल्ली टोपलीत ठेवली आणि दोरी सोडली. थोड्या वेळाने दोरी हलली. ओढून पाहतात तर किल्ली नाही. दुकानाच्या कपाटातला, बटणांनी भरलेला एक खण. पुन्हा सोडली, दुसरा खण. टोपली वर-खाली होत राहिली, आणि चालणारी माणसं वळसा घालून जात राहिली. दलाल उद्याची वाट न बघताच आला, तो खणांना अडखळला.

"बाई, हे काय? कंपनीची माणसं यायचीत!"

"जागा भरली," बाई म्हणाल्या.

शेवटचा खण टोपलीत मावेना. तो घेऊन दादाच धापा टाकत जिन्याने आला आणि नव्या दाराच्या उन्हात उभा राहिला. मशीनवर तो तुकडा आणि त्याची बटणं पडली होती. त्याने दोन्ही उचलून पूर्वीसारखी उन्हात धरली.

"अगं, हा हिरवा होता?"

"हिरवाच होता, दादा," बाई म्हणाल्या आणि त्याच्यासाठी दाराजवळची खुर्ची सरकवली. "बस. आधी पाणी पी."