आईची वनस्पती

परवा जव्हारला महिलांच्या शिबिरात बोलायला गेले होते. विषय स्वयंपाकातलं तेल-तूप, वजन आणि शुगर. मी निवृत्त विज्ञान शिक्षिका, त्यामुळे माईक हातात आला की सहसा सोडत नाही. पण ‘वनस्पती तूप’ असं म्हणाले आणि माईक खाली ठेवला...

जव्हार संस्थान विलीन झालं त्यानंतरची गोष्ट. बाबांना मोखाड्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली आणि आम्ही सूर्यमाळकडचा पाडा सोडून खाली राहायला आलो. पाड्यावर नाचणीची भाकर, खुरासणीचं म्हणजे कारळ्याचं तेल, तेही थेंबभर, आणि दिवसभर डोंगर चढणं-उतरणं. बाबा मुळातच काटकुळे, त्यात हिवतापानं पार खंगले होते.

त्याच सुमारास बाजारात वनस्पती तुपाचे डबे दिसू लागले. दुकानदारानं नाव सांगितलं आणि आईचा चेहरा खुलला. आमच्याकडे वनस्पती म्हणजे रानातलं औषध... ताप असो, बाळंतपण असो, वैदू वनस्पतीच देणार. आईला वाटलं, शहरातल्या शहाण्या माणसांनी त्याच मुळ्या-पाल्याचं तूप काढलंय.

“झाडपाल्याचं हाय, बाधायचं नाय,” असं म्हणत ती बाबांच्या भातावर ते घालायची. आम्ही ताट पुढे केलं की दटावायची, औषध दुखणेकऱ्याचं असतं. आम्हा भावंडांना आपलं खुरासणीचंच तेल.

बाबांनी अंग धरलं. गाल वर आले, पोट सुटलं, कोट नवा शिवावा लागला. भेटेल तो म्हणे, आता साहेब शोभता. आई कौतुकानं त्यांची दृष्ट काढायची.

मग बाबांना चढावर दम लागायला लागला. आईला वाटलं, अशक्तपणा परत आला... तिनं तूप वाढवलं.

एक दिवस बाबा कचेरीच्या पायरीवर टेकले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

पुढे शिकले तेव्हा कळलं, की पातळ तेल कारखान्यात घट्ट करून हे तूप बनवताना त्यात ट्रान्स फॅट तयार व्हायचं. वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारं, चांगलं कमी करणारं. खुरासणीच्या पातळ तेलाची जात वेगळी. तेही जास्त खाल्लं तर वजन वाढणारच, पण रक्तवाहिन्यांशी असं वैर धरत नाही. अर्थात बाबांची बैठी नोकरी होती, बिडी होती... कशानं किती केलं, हे आता कोण सांगणार? वाचलं त्या दिवशी मात्र मी जेवले नाही.

आई खूप जगली. अगदी थकली तेव्हा एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, “तुझा बाबा त्या तापातच जायचा व्हता. वनस्पतीनं चार वरसं जास्ती दिली त्याला. व्हय ना गं? तू शिकलेली हायस, तू सांग.”

आयुष्यभर मुलांना खरं तेच शिकवलं मी. त्या दुपारी म्हटलं, “हो आई. तू दिलीस म्हणूनच.”

ती हसली. एवढ्या वर्षांत बाबांचं नाव घेऊन तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं... तेवढं तरी बघायला मिळालं.