शांतीच्या वेळचा ऑर्गन

रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला येणाऱ्या बहुतेक भाविकांच्या कमरेची मापं ऑर्गनबाईंना पाठ होती. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं कपडे आवळून नाहीतर सैल करून देण्याचं दुकान होतं. नवं काही शिवायचं नाही. लोकांनी दुसरीकडे घेतलेले कपडे इथे आणायचे आणि पडद्याआड उभं राहून श्वास आत ओढून धरायचा. "धुण्यात आटला हो," असं प्रत्येक जण सांगायचा. बाई तोंडात टाचण्या धरून मान डोलवायच्या, कारण आटलेल्या कपड्यांवरच त्यांचं पोट होतं. मग रविवारी चर्चच्या माळ्यावर त्या वेदीकडे पाठ करून ऑर्गनवर बसल्या, की डोक्यावरच्या आरशात हीच आटलेल्या कपड्यांची रांग कम्युनियनचा पवित्र प्रसाद घ्यायला पुढे सरकताना दिसायची. हात जोडलेले, नजर खाली, आणि चेहरा असा की जन्मात कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नसावं.

आरसा खरं तर फादर कुठवर आले ते बघायला लावलेला. बाईंनी त्यात सगळी पॅरिश, म्हणजे त्या चर्चची सगळी माणसं, वाचून काढली होती. औषधांच्या दुकानाचा मालक बायबलमधलं पहिलं वाचन करायचा, ते दिवसातून तीनदा जेवणानंतर घ्या अशा सुरात. त्याच्या बायकोकडे वेदीच्या फुलांची व्यवस्था होती आणि ती इतकी दाट फुलं लावायची, की ठेंगणे फादर असले तर प्रवचन फुलदाणीच्या मागून ऐकू यावं. एक कुटुंब प्रवचन संपता संपता येई आणि शेवटच्या आशीर्वादाआधीच निघे. त्यांच्या गाडीचं दार धाडकन लागलं, की बाकीच्यांना आपण किती सश्रद्ध आहोत ते जाणवायचं. मिस्सेनंतर हॉलमध्ये चहा व्हायचा. जे आले नाहीत त्यांची काळजी तिथे व्हायची, आणि काळजी करण्यात या मंडळींचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ऑर्गनबाईंना यातलं काहीच पसंत नव्हतं आणि यातलं काहीच त्या चुकवत नव्हत्या.

त्यांच्या मागे, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर, कॉयरच्या, म्हणजे गाणाऱ्यांच्या, पहिल्या रांगेत त्यांची सख्खी धाकटी बहीण उभी असे. धाकटी बेकरीच्या गल्ल्यावर काम करायची आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलण्यात पटाईत होती. थोरली पाव आणायला पार दुसऱ्या टोकाच्या बेकरीत जायची. दोघींचं बोलणं आई गेली तेव्हापासून बंद होतं, पण कॉयरमधली जागा एकीनंही सोडली नाही. सोडायची तर तिनं सोडावी, हे मात्र दोघींचं एकमत होतं.

शनिवारच्या सरावाला मधला दुवा म्हणून नळदुरुस्तीवाला होता. तो खालच्या पट्टीत गायचा आणि बिचारा दोघींच्या मध्ये उभा असायचा. "त्यांना सांगा, दुसऱ्या कडव्याला घाई होते," धाकटी त्याला सांगे. तो वळून तेच शब्द ऑर्गनबाईंना सांगे, जणू मध्ये भिंत आहे. "त्यांना सांगा, श्वास पुरत नसेल तर ओठ नुसते हलवा," बाई म्हणत. नळवाला हे जरा मऊ करून पोचवायचा. आयुष्यभर गळती थांबवणारा माणूस, पण इथे त्याचं काही चालेना.

भांडण समजायचं तर आईचा शेवटचा आठवडा समजायला हवा. दोघी बहिणी आईच्या घरी आळीपाळीनं राहत होत्या. त्या दिवशी संध्याकाळी आईचा चेहरा बघून थोरलीनं ओळखलं, की आता फादरांना बोलवायला हवं. आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना फादर पवित्र तेल लावतात, प्रार्थना म्हणतात, आणि मग माणूस तयारीनं जातो. ही तयारी न होता जाणं म्हणजे या लोकांच्या दृष्टीनं घरच्यांनी हात झटकल्यासारखं. थोरलीनं चपला घातल्या होत्या. धाकटी दारात आडवी उभी राहिली. फादर तेलाची डबी घेऊन दारात दिसले की आई सगळं समजेल, हाय खाईल, सकाळी बघू, असं ती रडत रडत म्हणाली. थोरलीनं चपला काढल्या. सकाळी बघायला आई नव्हती.

तिथवरही ठीक होतं. दोघी मिळून चुकल्या असत्या आणि दोघी मिळून रडल्या असत्या. पण दफनानंतर हॉलमधल्या चहाला मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं, तेल लागलं होतं ना गं तिला. धाकटी पटकन म्हणून गेली, "ताई मोठी. तिनं बोलावलंच नाही फादरांना." थोरलीच्या हातात कप होता. आईची माती अजून ओली असताना, तू म्हणालीस मी म्हणाले, असं उणंदुणं काढायला तिची जीभ उचलली नाही. तिनं मूग गिळले, आणि जे तिनं गिळलं ते सगळ्या पॅरिशनं खरं धरलं. फुलांवाली तिच्या दंडावर थोपटून म्हणाली, देव क्षमा करतो हो. ते थोपटणं बाईंना आजतागायत दंडावर जाणवायचं. पुढे कधी ती ब्लाऊज सैल करायला आली की बाई तो बोटभर कमीच सैल करायच्या. पॅरिशमध्ये न्याय मिळायची तेवढी एकच जागा होती.

त्यांना माफी नको होती. ते एक वाक्य परत हवं होतं, जिथे टाकलं तिथूनच, सगळ्यांदेखत उचललेलं. ते मिळेपर्यंत त्या धाकटीचा हात हातात घेणार नव्हत्या.

आता अडचण अशी, की मिस्सेत हात घ्यावाच लागतो. कम्युनियनच्या आधी फादर म्हणतात, एकमेकांना शांतीचं चिन्ह द्या. मग लोक आजूबाजूच्यांकडे वळतात, हात हातात घेतात, शांती असो म्हणतात. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी हे शब्द कानावर पडले आणि बाईंना पाठीमागे धाकटीची चाहूल लागली. त्या वळल्या नाहीत. दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि वाजवायला लागल्या. ज्याचे हात कामात आहेत त्याच्याकडे कोण हात मागणार?

पुढच्या रविवारी त्यांनी ऑर्गनची आवाज वाढवणारी आणखी एक खुंटी ओढली, त्यापुढच्या रविवारी आणखी. हळूहळू शांतीच्या वेळी ऑर्गन असा दणाणू लागला, की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. लोकांना ते फारच आवडलं. त्या गजरात बाकं ओलांडून जाता येई, लांबच्या भावकीला हात करता येई, जाता जाता भाडेकरूला दोन शब्द सुनावता येत, आणि वरून हे सगळं भक्तीतच मोडे. आमच्याकडे शांती वाजतगाजत येते, असं ते पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे. आरशाच्या कडेला बाईंना त्या वेळी धाकटीचा चेहरा दिसायचा. तिचे ओठ हलायचे. शांती असो म्हणत असणार. फुकटातली शांती, असं मनात म्हणून बाई पायाखालचे मोठे सूर दाबायच्या.

असं सगळं सुखानं चाललं असतं, पण नवीन फादर आले. काटकुळे, तरुण, आणि आधीच्या फादरांचा झगा त्यांना पायघोळ. तो आखूड करायला ते दुकानात आले, स्टुलावर उभे राहिले, आणि बाई खाली गुडघ्यांवर बसून काठ दुमडत असताना त्यांनी विषय काढला. बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, याचा त्यांनी फायदा घेतला असं बाईंचं कायमचं मत झालं. शांतीच्या वेळी ऑर्गन थांबवू या, ते म्हणाले. त्या गजरात मला माझाच आवाज ऐकू येत नाही, मग लोकांना एकमेकांचा काय येणार?

बाईंनी टाचण्या एकेक करून काढल्या. लोकांना सवय झाली आहे, त्या म्हणाल्या. संगीत हवं तेवढं कम्युनियनला वाजवा, फादर म्हणाले, पण तेवढा वेळ माणसांचा शब्द माणसांच्या कानावर पडू दे. या माणसांचा शब्द कानावर पडण्याजोगा नसतो, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. फादरांना तो विनोद वाटला आणि ते हसले. झगा बोटभर लांब ठेवावा, वेदीच्या पायरीवर अडखळू दे एकदा, असं बाईंच्या मनात आलं होतं. पण हाताला वाकडं काम करायची सवय नव्हती. ब्लाऊजची गोष्ट वेगळी.

तो सगळा आठवडा त्यांनी युक्त्या शोधण्यात घालवला. आजारी पडावं, तर ऑर्गनवर दुसरं कुणी बसेल. गाण्यांच्या वह्या चाळत राहावं, तर वह्या चाळणाऱ्याच्याही खांद्यावर हात ठेवता येतो. शेवटी सर्दी पसंत पडली. सर्दी झालेला माणूस नाकाला रुमाल लावून नुसती मान हलवतो आणि त्याचं सगळे कौतुकच करतात. पन्नाशी उलटलेली बाई शिलाईयंत्रासमोर बसून शिंकायचा सराव करत होती, आणि हीच बाई आरशातून दुसऱ्यांची सोंगं मोजायची.

शनिवारी सरावाला त्या दोनदा शिंकल्या. धाकटीनं नळवाल्याकडून निरोप पाठवला, वाफ घ्यायला सांगा. बाईंनी उलट निरोप दिला, त्यांना सांगा, सर्दी माझी आहे.

रविवार आला. फादर, झगा अगदी मापात, वेदीवरून म्हणाले, एकमेकांना शांतीचं चिन्ह द्या. बाईंनी पट्ट्यांवरचे हात उचलले आणि रुमाल नाकाला लावला. खाली सगळे ऑर्गनची वाट बघत थांबले. तो वाजेना तेव्हा पॅरिशची जी फजिती झाली ती बघण्यासारखी होती. वर्षानुवर्षं गजराच्या आडोशाला वावरलेले लोक, एकाएकी दिवा लागल्यासारखे जागच्या जागी उभे राहिले. हात घाईघाईनं मिळाले आणि सुटले. औषधवाल्यानं बायकोचा हात धरला आणि सवयीनं मोठ्यांदा म्हणाला, "किल्ली तुझ्याकडेच आहे ना?" ते सगळ्या चर्चभर घुमलं. कुणीतरी खोकलं. आरशात हे बघून बाईंना रुमालाआड हसू फुटलं, आणि त्या क्षणी तरी त्यांना नव्या फादरांचा निर्णय फार वाईट वाटला नाही.

इतक्यात पाठीमागे धाकटी बोलली. इतकी वर्षं दणदणत्या ऑर्गनशेजारी उभी राहून बोलत आलेली ती, तिला आवाजाचा अंदाजच राहिला नव्हता. ती आपल्या नेहमीच्या आवाजात बोलली, म्हणजे ओरडलीच.

"ताई, फादरांना बोलावू नकोस असं मी म्हणाले होते. तू निघाली होतीस. मी तुला अडवलं."

खालची सगळी डोकी वर वळली. फुलांवालीचा हात नवऱ्याच्या हातात तसाच राहिला. धाकटीनं स्वतःच्या तोंडावर तळहात दाबला.

बाईंनी मान वळवली. आरशाशिवाय धाकटीकडे बघायची त्यांना सवय उरली नव्हती. ती त्यांना वाटत होती त्याहून म्हातारी दिसली. जे वाक्य इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं होतं, तेही सगळ्यांदेखत, आणि बाईंच्या तोंडून निघालं ते एवढंच:

"आज सुचलं तुला?"

"दर रविवारी म्हणते मी," धाकटी म्हणाली. "पहिल्या रविवारपासून. तू वाजवत असतेस."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती. गजराच्या आड उभं राहून कबुली द्यायची, म्हणजे दिल्याचं समाधान आणि ऐकली जायची भीती नाही; अशा भित्रेपणाचे वाभाडे त्यांनी एरवी महिनाभर काढले असते. शब्द तयारही होते. पण तो गजर धाकटीचा नव्हता. तो बाईंनीच वाढवत नेलेला होता, एकेक खुंटी ओढून, आरशात हलणाऱ्या ओठांकडे बघत बघत. ही शरम त्यांना सगळ्या अंगभर लागली आणि ती कुणावर ढकलावी ते कळेना.

खाली लोक माना वर करून उभे होते. इतकं चांगलं काही त्यांना प्रवचनात कधी मिळालं नव्हतं. पुढची प्रार्थना ऑर्गनच्या पहिल्या सुरावर सुरू व्हायची, आणि सूर येत नव्हता. नळवाल्यानं हळूच खूण केली, वाजवा. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

धाकटी पुढे झाली, बाकावर त्यांच्या शेजारी टेकली, आणि तिनं ते पुन्हा म्हटलं, या वेळी इतकं हळू की नळवाल्यालाही ऐकू गेलं नाही.